नेमक्या ओळीवरचा खोकला

"आत नेण्याआधी प्रभूची प्रार्थना म्हणू या, मम्मी," ऑपरेशनसाठी स्ट्रेचरवर झोपवलेली लेक म्हणाली. एस्तेरबाईंनी तिचा गार हात हातात घेतला आणि दोघी सुरू झाल्या.

'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ जवळ आली, तसा एस्तेरबाईंना खोकला आला. दर रविवारी चर्चमध्येही तो नेमका इथेच येई. शेजारच्या बाया कनवाळूपणे लवंग पुढे करत. नवऱ्याच्या आजारपणात त्यांनी ही ओळ अगदी मनापासून म्हटली होती, आणि संध्याकाळपर्यंत देवानं त्याला नेलं. तेव्हापासून त्या शब्दांची त्यांनी धास्तीच घेतली होती.

"आज खोकू नकोस ना," लेक हळूच म्हणाली. "मला ठाऊक आहे सगळं. पण एकटीनं म्हणायला मलाही भीती वाटते गं."

वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकललं. एस्तेरबाई हात न सोडता सोबत धावल्या. तोंड उघडलं, पण ती ओळ काही केल्या येईना. मग छताकडे बघत त्या देवावरच ओरडल्या, "हिला हात लावलास तर बघ!" आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

ऑपरेशन थिएटरचं दार बंद होता होता आतून लेकीचा आवाज आला, "आमेन."