वस्तीचा पुरावा

सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालेल्या लालासाहेबांना मलकापुरात एकच चैन होती. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकायची आणि गुडघ्यांना कोवळं ऊन द्यायचं. परवा गावचे पुढारी भाऊसाहेब यांच्या वाढदिवसाचा दोन मजली फ्लेक्स बरोबर गॅलरीसमोर उभा राहिला आणि ऊन गेलं. पुढून भाऊसाहेब गॉगल लावून हसत होते, खाली चाळीस शुभेच्छुक हात जोडून उभे होते, आणि मागं सावलीत लालासाहेबांचे गुडघे ठणकत होते.

विश्रामबागला फिजिक्स शिकणारी नात सृष्टी सुट्टीला आली होती. आजोबांचा पारा जरा उतरावा म्हणून तिनं एका खुज्या लाल ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाची गोष्ट काढली. तिथं पाणी असू शकतं, पण कुणी राहतं का, ते अजून शास्त्रज्ञांनाही कळलेलं नाही, असं तिनं सांगितलं.

“मग एवढ्या लांबनं त्यो सापडला कसा?” लालासाहेबांनी विचारलं.

“ग्रह ताऱ्यापुढं आला की ताऱ्याचा उजेड थोडा अडतो, आबा. दर अकरा दिवसांनी. तिथलं वर्षच अकरा दिवसांचं आहे.”

“म्हंजे वर्षातनं एकदा उजेड अडतोय?”

“हो. अगदी ठरल्या दिवशी.”

लालासाहेबांनी फ्लेक्सकडं बघत गुडघा चोळला.

 

“मग माणसं हायत गं तिथं. कुणाचा तरी वाढदिवस असणार.”