नेसूनच आणलेलं लुगडं

तमाशाच्या फडात सुकलाल राणीचं काम करायचा. कळसाडी गावात खेळ असला की तो तिथल्या शांतीबाईंकडून लुगडं मागून न्यायचा आणि सकाळी घडी करून परत आणायचा. बाईमाणसाने तमाशाला जायचं नाही, अशी गावाची रीत.

बासष्ट साली लुगडं देताना शांतीबाई म्हणाल्या, "दहा वरीस व्हयनात, सुकलाल. मन्हं लुगडं नाची येस, मी घरमाच ऱ्हास."

दुसऱ्या सकाळी तो लुगडं नेसूनच आला. दार लोटून घेतलं, पायांतली घुंगरं सोडून त्यांच्या ओंजळीत ठेवली आणि चुलीसमोर आवाज न करता राणीचा सगळा नाच केला.

"कोनले सांगू नका, मावशी."

पुढच्या वर्षी फड आला, तेव्हा गल्लीतल्या अकरा दारांत बायका लुगडी घेऊन उभ्या होत्या.