पाठीवरचं नाव
२०२२ सालची गोष्ट. हे गेले आणि जुळे सोलापूर भागात घर बदलताना त्यांच्या स्विस घड्याळाची मूळ कागदपत्रं हरवली. निवृत्त झाल्यावर ह्यांनी ते हौसेनं, फंडाचे लाखो रुपये मोजून सेकंडहँड घेतलं होतं. तेव्हा मी मंगळवार बाजारात तांब्यावर ह्यांचं नाव घालून घेताना घड्याळाच्या पाठीवरही ‘रावसाहेब’ कोरून आणलं. “भांडं हाय व्हय ते?” म्हणत हे आधी चिडले, मग सगळ्यांना दाखवत फिरले. “आई, नवे कागद काढू. प्रतिज्ञापत्रावर सही कर, घड्याळ कंपनीला दाखवतो,” मुलगा संघपाल म्हणाला. त्यानं परत आणलेल्या घड्याळाची पाठ कोरी होती. “नाव कुठं गेलं रे?” “नाव तांब्यावर आहे की! घड्याळावर कधीच नव्हतं. तुला हल्ली आठवत नाही.” तेव्हापासून संघपाल नव्या गाडीतून येतो, स्मरणशक्तीच्या गोळ्या आणतो. ते कोरं घड्याळ बंद पडलं. तांब्यावरचं नाव मी चिंचेनं उजळते.