नाव घेतल्याशिवाय

मालिनीबाई देवस्थळी गेमपॅड घट्ट धरून सोफ्याच्या कडेवर बसल्या होत्या. पडद्यावर त्यांच्या विमानाशेजारून त्यांच्या दिवंगत यजमानांचं विमान उडत होतं. हवाई दल आताशा वैमानिकाच्या मेंदूची एक नक्कल पेन्शनबरोबर कुटुंबाला देई. ती जागी व्हायची फक्त लढाईच्या या खेळात, आणि तिथे विमान पडलं की कायमची पुसली जायची.

"आई, बाबांच्या मागे शत्रू लागलाय!" मुलगी वृंदा ओरडली.

"अहो!" मालिनीबाई म्हणाल्या. विमान सरळच उडत राहिलं. "अहो, ऐकलंत का? मागे बघा ना!"

"नाव घेऊन हुकूम द्यावा लागतो, आई. नुसत्या 'अहो'ला आभाळातलं कोण वळणार?"

"नुसतं नाव कसं घेऊ? उखाणा तरी आठवू दे."

लग्नातला उखाणा त्यांना आठवलाही. त्यात चांदीचं ताट होतं, ताटाभोवती महिरप होती, आणि नाव पार शेवटी होतं. शत्रूला तेवढा धीर नव्हता. त्याने क्षेपणास्त्र सोडलं.

"सदानंद!" मालिनीबाई किंचाळल्या. "डावीकडे वळ!"

विमान झटक्यात वळलं. क्षेपणास्त्र रिकाम्या आभाळात निघून गेलं. वृंदाने टाळ्या वाजवल्या, मालिनीबाईंनी जीभ चावली. तेवढ्यात स्पीकरमधून ओळखीचा घोगरा आवाज आला, "ऐकतोय. पुढे सांग."

उभ्या संसारात हे वाक्य त्यांनी प्रथमच ऐकलं.

"वृंदे, तू जरा आत जा," त्या म्हणाल्या. "मला ह्यांच्याशी बोलायचंय."