गव्हाची चव

“पोट अगदी गप्प आहे, आई. गोळी लागू पडली,” क्षिप्रा म्हणाली. चाचणीतलं रोजचं गव्हाचं बिस्कीट चहाबरोबर संपवून तिने डॉक्टरांना कळवायला मोबाइल उचलला.

ओटा पुसणारा चित्राचा हात थांबला. सिलिअ‍ॅक या आतड्याच्या आजारामुळे पोरीला लहानपणापासून गव्हाचा कण वर्ज्य. डोंबिवलीच्या या घरात तेव्हापासून गहू शिरलेला नव्हता. गिरणीवाल्याच्या तर चित्रा इतकी मागे लागली होती, की सकाळी गहू टाकण्याआधी तो मुकाट्याने तिचे तांदूळ दळून द्यायचा. आणि आता ठाण्याच्या इस्पितळाने नव्या गोळीसोबत गव्हाच्या बिस्किटांचा डबाच हातात दिला होता. गोळी घ्या, वर गहू खा, मग बघू आतडं टिकतं का. आईच ती, तिला कसं बघवणार?

“फोन ठेव जरा,” चित्रा म्हणाली.

“का गं?”

“ती बिस्किटं तांदळाची आहेत. मी घरी भाजलेली. पहिल्या दिवसापासून तीच देत आलेय.”

क्षिप्राने रिकाम्या बशीकडे पाहिलं. गव्हाची चव तिला आठवतच नव्हती, फरक कळणार कुठून?

“म्हणजे गोळीचं काहीच कळलं नाही.” तिने मोबाइल खाली ठेवला. “आई, मला एकदा लग्नाच्या पंगतीत डबा न घेता बसायचंय. आणि हे माझ्या एकटीसाठी नाहीये. कुणीतरी खाऊन बघायलाच हवं ना?”

काळजीपोटी आपण लेकीच्या आशेवरच पाणी ओतलं, हे चित्राला लख्ख दिसलं. “लाव फोन. माझं नाव सांग,” ती म्हणाली.

डॉक्टर चांगल्याच तापल्या. मग म्हणाल्या, पुन्हा तपासण्या करून पहिल्यापासून सुरू करावं लागेल, तयारी आहे का?

“आहे,” क्षिप्रा म्हणाली.

तपासण्या झाल्या. ठरल्या दिवशी सकाळी चित्राने माळ्यावर दडवलेला इस्पितळाचा डबा स्वतः खाली काढला. क्षिप्राचं नाव कोरलेली स्टीलची ताटली घेतली. त्या ताटलीला आजवर गहू शिवला नव्हता. तिच्यात बिस्कीट ठेवून ती लेकीसमोर बसली.

“खा. दुखलं तर मी आहे.”

गोळी घेऊन क्षिप्राने एक तुकडा मोडला. सावकाश चावला.

“असा लागतो होय गहू,” ती म्हणाली, आणि तिने दुसरा तुकडा मोडला.