दांड्याला टेकलेला गुडघा

शेतात चक्कर मारून दाखवताना ट्रॅक्टर विकणाऱ्याचा उजवा गुडघा गिअरच्या दांड्याला सतत टेकलेला होता. मी शेजारी मडगार्डवर बसलो होतो, म्हणून मला दिसला. पुतणी बांधावर उभी राहून इंजिनाचा आवाज ऐकत होती.

“गिअर लोण्यासारखे पडतात, मास्तर,” तो उतरून म्हणाला. “तुमचं पुस्तक काय म्हणतंय?”

जुना ट्रॅक्टर कसा पारखावा, यावर मी दोन पुस्तकं वाचून आलो होतो. गिअरबॉक्स झिजला की गिअर आपोआप निसटतो आणि उतारावर भरलेली ट्रॉली नुसत्या ब्रेकला आवरत नाही, असं त्यांत होतं. गुडघ्याबद्दल काही नव्हतं. बसायची सवय असेल त्याची. आयुष्यभर सायकल चालवलेल्या माणसाने उगाच शंका कशाला काढायची?

“काका, घेऊ ना?” पुतणीने विचारलं. घरात ती फक्त माझं ऐकते.

“घे,” मी म्हणालो.

परतताना तिने ट्रॅक्टरसोबत घेतलेली ट्रॉली वीटभट्टीवर विटांनी भरून घेतली. घाटाचा उतार लागला. ती ऐसपैस बसली होती, गुडघे दांड्यापासून चांगले दूर. मी वाकून दांडा मुठीत धरला.

“घाबरलात होय?” ती हसली. “गिअरमध्ये आहे, काका. पळत नाही कुठे.”

पहिलं वळण अजून लांब होतं, आणि दांडा माझ्या तळव्याला रेटू लागला होता.