वर्तणुकीची हमी

हॉस्पिटलमधली इंजेक्शनं चोरली होती धाकट्या भावानं, पण तो डॉक्टर होणार म्हणून ताईनं गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला आणि दोन वर्षं तुरुंगात काढली. सुटल्यावर ती नर्सिंगच्या परीक्षेत पहिली आली, तरी जुन्या गुन्ह्यामुळे मंडळानं परवाना अडवला. "ताई, सुनावणीला मी येतो आणि खरं काय ते सांगतो," डॉक्टर झालेल्या भावानं शब्द दिला. तो आला, तिच्याकडे न बघता मंडळापुढे उभा राहिला. "ताईच्या हातून तेव्हा चूक झाली, पण आता ती सुधारली आहे. मी हमी देतो." ताई खुर्चीतून अर्धी उठली. पण अध्यक्षबाईंनी सहीसाठी पेनचं टोपण काढलं होतं. आता तोंड उघडलं असतं तर ते टोपण पुन्हा लागलं असतं. "असा भाऊ मिळायला भाग्य लागतं," बाई म्हणाल्या, "आभार माना त्यांचे." तिनं मानले.